हार-जीत नसलेला खेळ

बुद्धिबळ, सोंगट्या, पत्ते हे खेळ आपल्या ओळखीचे आहेत. त्यांत एक जिंकतो, दुसरा हरतो. आता एक निराळा खेळ ऐका. यात कोणी कोणाला हरवत नाही. मोठी शहाणीसुरती माणसे टेबलाभोवती बसतात. तीन-चार तास बोलतात. मधून मधून फासे टाकतात. एकच डाव कधी कधी वर्षानुवर्षे चालतो.

हा खेळ अमेरिकेतला. त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. डंजन म्हणजे किल्ल्याखालचे अंधारे तळघर. ड्रॅगन म्हणजे तिकडच्या गोष्टींतला, आग ओकणारा पंखांचा अजगर. मोठ्या माणसांना या खेळाची एवढी गोडी का लागते, ते आपण पाहू.

खेळ कसा चालतो

चार-पाच जण जमतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक सोंग घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी पुरोहित. पण अंगावर वेश चढवायचा नसतो. सगळे बोलण्यातच.

प्रत्येकाजवळ एक कागद असतो. त्यावर आपल्या पात्राचे नाव लिहायचे. मग त्याचे सहा गुण लिहायचे: शक्ती, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि दुसऱ्यावर छाप पाडण्याची ताकद. जुन्या नियमात प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकत. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८. बघा, यात बुद्धी वेगळी धरली आहे आणि शहाणपण वेगळे धरले आहे. हा भेद आपल्यालाही पटेल.

मग सूत्रधार गोष्ट सुरू करतो. समजा, तो म्हणाला, “नदीवर पूल आहे. पुलावर एक राक्षस बसला आहे. तुम्ही काय करता?”

योद्धा म्हणतो, “मी तलवार उपसतो.”

पुरोहित म्हणतो, “थांब! तो भुकेला दिसतो. मी त्याला भाकरी देऊन बघतो.”

सूत्रधार म्हणतो, “ठीक. फासा टाक. १२ किंवा जास्त पडले, तर तो ऐकेल.”

या फाशाला वीस बाजू असतात. म्हणजे विसांपैकी नऊ आकडे पुरोहिताच्या बाजूचे, अकरा विरुद्ध. फासा घरंगळतो. सगळे श्वास रोखून बघतात. ७ पडले! राक्षस भाकरी भिरकावून देतो आणि उठून उभा राहतो. आता काय करायचे? पुढची गोष्ट कोणालाच ठाऊक नसते, सूत्रधारालाही नाही.

खेळ कोणी काढला

फार पूर्वीपासून युरोपात लढाईचे खेळ होते. टेबलावर शिशाचे शिपाई मांडायचे आणि नियमाने लढाई करायची. १८२४ च्या सुमारास प्रशिया देशाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना अशा खेळातून डावपेच शिकवत. अमेरिकेत पुढे तो छंद झाला.

डेव्ह आर्नेसन नावाच्या तरुणाने त्यात मोठा बदल केला. एकेका खेळाडूला सगळी फौज देण्याऐवजी त्याने एकच माणूस दिला. तो माणूस पुढच्या बैठकीलाही तोच राहायचा. अनुभवाने तो तरबेज होत जायचा. विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा हे छोटे गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स यांना ही कल्पना फार आवडली. गायगॅक्स पूर्वी विम्याच्या कचेरीत नोकरीला होते. ती नोकरी सुटल्यावर ते घरी जोडे दुरुस्त करीत. दोघांनी मिळून नियम तयार केले. १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांची पेटी निघाली. पहिल्या खेपेला फक्त १००० पेट्या होत्या. आज जगभर लोक हा खेळ खेळतात.

वीस बाजूंच्या फाशांचीही गंमत आहे. असे फासे मुळात शाळेत शिकवण्याचे सामान म्हणून विकले जात. खेळाडूंनी ते उचलले!

गोडी कशात आहे

लहान मुले चोर-पोलीस खेळतात. तिथे नेहमी भांडण होते. एक म्हणतो, “तू मेलास.” दुसरा म्हणतो, “मला लागलेच नाही!” या खेळात ते भांडण फासा मिटवतो. म्हणून मोठ्यांनाही सोंग घेऊन खेळता येते.

दुसरी गोष्ट. एकटा इथे तरत नाही. योद्ध्याला मंत्र येत नाही, जादूगाराला घाव सोसत नाही. त्यामुळे एकमेकांचे ऐकावेच लागते. जो चारचौघांत तोंड उघडत नाही, त्यालाही सूत्रधार विचारतो, “आता तुझी पाळी. तू काय करतोस?” सगळे त्याच्या उत्तराची वाट बघतात. असा मान रोजच्या जगण्यात किती जणांना मिळतो?

तिसरी गोष्ट. पात्र मरू शकते. दोन-दोन वर्षे जपलेले पात्र एका वाईट दानाने जाते, तेव्हा मोठ्या माणसांच्याही डोळ्यांत पाणी येते. म्हणूनच ते विचार करून पाऊल टाकतात.

खेळावर आलेले बालंट

फासे म्हटले, की आपल्याला धर्मराज आठवतो. पण या खेळात पैशांची पैज नसते. हा जुगार नव्हे.

तरी अमेरिकेत १९८० नंतरच्या काही वर्षांत मोठे काहूर उठले. या खेळाने मुले सैतानाच्या नादी लागतात, जीव देतात, असे काही पालक आणि धर्ममंडळी म्हणू लागली. शोध घेणाऱ्यांना तसा संबंध सापडला नाही. ज्याला खेळ ठाऊक नाही, त्याला दाराआडून फक्त राक्षस आणि मंत्र ऐकू येत. भीती वाटायला तेवढे पुरे झाले.

अर्थात, अति तेथे माती हे इथेही खरे. शेत, घर, अभ्यास टाकून रात्र रात्र बसणे वाईटच.

या खेळाला सामान थोडे लागते. फासे, कागद, पेन्सिल, आणि नियम वाचून दाखवणारे कोणी तरी. २०२३ सालापासून नियमांचा मुख्य भाग कोणालाही फुकट वापरता येतो. पात्राचे नाव मात्र ज्याचे त्याने आपल्या हाताने लिहावे. तिथूनच त्याची गोष्ट सुरू होते.