तंबाखूला यंत्र मिळालं, विडीच्या पानाला नाही!

विसाव्या शतकात अमेरिकेत तंबाखूची पानं तोडायला यंत्रं आली. विडीतली तंबाखू ज्या पानात गुंडाळतात, ते तेंदूपान मात्र रायपूरजवळच्या गरियाबंद, धमतरीच्या जंगलांत आजही हातानंच खुडतात. झुडुपं विखुरलेली, पान कोवळं आणि अखंडच हवं. यंत्र शिरणार कुठून?

फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडुपांची छाटणी होते, एप्रिल-मेमध्ये नवी पानं येतात. बायका पहाटेच जंगल गाठतात, दुपारी घरी बसून पन्नास-पन्नास पानांचे पुडे बांधतात आणि फडावर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, नेऊन देतात. तिथं पुडे उन्हात वाळवतात. असे हजार पुडे म्हणजे एक मानक बोरा. त्याचा दर 2024 मध्ये 4000 वरून 5500 रुपये झाला. म्हणजे पन्नास निवडक पानांच्या पुड्याला साडेपाच रुपये. माझ्या मते हे अजूनही कमीच आहे.