संध्याकाळी जायचं कुठं?

मैत्रिणींनो, दिवाळीत धाकटी नणंद मुलांना घेऊन मुंबईहून आली. फराळ झाला, गप्पा झाल्या. संध्याकाळी म्हणाली, "वहिनी, चला ना, गावात जरा फिरून येऊ." आणि मी गप्पच झाले! कांद्याच्या लिलावासाठी आपलं लासलगाव देशभर ठाऊक. पण मुलाबाळांसह तासभर निवांत बसावं, अशी जागा जुन्या पेठेत कुठं आहे? किराणा घ्यायचा, पिशवी सावरायची आणि घर गाठायचं, एवढीच आपली पेठ!

मग तिनंच काळ्या घोड्याचं सांगितलं. मुंबईच्या त्या चौकातला राजाचा पुतळा १९६५ साली हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. नाव मात्र चौकालाच चिकटलं. १९९९ पासून तिथं दरवर्षी कलामहोत्सव भरतो. नऊ दिवस नाच, गाणी, नाटकं, हस्तकलेची दुकानं, आणि प्रवेशाला पैसे नाहीत. महोत्सवाच्या मिळकतीतून तिथल्या जुन्या इमारतींची डागडुजीही होते. २०१७ मध्ये चौकात नवा घोडा आला, पण पाठीवर राजा नाही!

तुम्ही म्हणाल, मुंबईचं निराळं. बरं, पुणं घ्या. तिथं महापालिकेनं २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन सुरू केला. त्या दिवशी गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवतात. माणसं रस्त्याच्या मधून चालतात!

आपल्याला एवढंही नको. महिन्यातून एक संध्याकाळ पेठेतली एक गल्ली वाहनांना बंद ठेवावी. शाळेतल्या मुलांचं नाटुकलं, भजनी मंडळ, बचत गटाचे पापड-कुरडया. दुकानदारांचा माल सकाळीच उतरवून घ्यावा, म्हणजे त्यांचीही अडचण नाही; उलट चार गिऱ्हाइकं वाढतील.

मात्र आधी तीन गोष्टी हव्यात: भरपूर दिवे, बसायला बाक आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह. तिसरी नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ. बाजाराला निघताना आपण पाणी पिणंच टाळतो, खरं ना? पुरुषमंडळींच्या हे ध्यानीमनीही नसतं, म्हणून आपणच बोलायला हवं. ग्रामपंचायत असेल तर महिला सभेत, नगरपालिका असेल तर नगरसेविकेकडे. एकटीनं नको, चौघी मिळून जा.

पुढच्या दिवाळीत नणंद येईल, तेव्हा मीच म्हणणार आहे, "चल गं, पेठेत जाऊन येऊ!"