आधी वजन सारखे करा, मग वेग मोजा!

‘बायकांना जमत नाही’ हे जगातले सर्वात स्वस्त वाक्य आहे. ते बोलायला पुरावा लागत नाही. खोडून काढायला मात्र एखाद्या मुलीला आयुष्याची पंधरा-वीस वर्षे खर्ची घालावी लागतात. स्पेनच्या आना कारास्कोने ती घातली. ३० सप्टेंबर २०१८ रोजी फ्रान्समधील मॅनी-कूर सर्किटवर ती सुपरस्पोर्ट ३०० या गटाची विश्वविजेती झाली. एकट्याने चालवायच्या मोटारसायकलींच्या सर्किट शर्यतीत, पुरुषांबरोबर उतरून विश्वविजेतेपद मिळवणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली. दुसऱ्या क्रमांकावरील मिका पेरेझ या तिच्याच देशबांधवाशी फरक किती? अवघ्या एका गुणाचा!

या एका गुणाचे मोल समजायचे असेल तर थोडे मागे जावे लागेल. १९६२ साली बेरिल स्वेन नावाची इंग्रज स्त्री आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतीत ५० सीसी गटात एकटी मोटारसायकल घेऊन उतरली. तिने शर्यत पूर्णही केली. त्यानंतर काय झाले? चालकाच्या किमान वजनाची अट पुढे आली आणि स्वेनचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेण्यात आला. तिला हरवता आले असते, पण तिला उतरूच दिले नाही. ‘स्त्रियांना बंदी’ असे लिहिण्याची गरजच पडली नाही. वजनकाट्याने ते काम परस्पर केले. भेदभाव नेहमी पाटी लावून येत नाही. पुष्कळदा तो नियमाच्या वेशात येतो.

परंतु त्याच वजनकाट्याचा दुसरा उपयोगही आहे. आज मोटो-३ सारख्या गटांत चालक आणि गाडी यांचे मिळून किमान वजन ठरलेले असते. चालक हलका असेल तर गाडीवर जादा वजन बसवावे लागते. सुपरस्पोर्ट ३०० मध्ये तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या बरोबरीत याव्यात म्हणून इंजिनाच्या फेऱ्यांवरही मर्यादा घातली गेली. म्हणजे ‘पोरगी हलकी म्हणून जिंकली’ असे म्हणायची सोय उरली नाही. एकेकाळी नियम बाईला बाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला, आता तो सर्वांना एका रेषेवर आणण्यासाठी वापरला जातो. नियम कोण करतो आणि कशासाठी करतो, यावर सारे अवलंबून असते.

कारास्कोचा जन्म १९९७ चा, मुर्सिया प्रांतातला. वडील शर्यतीच्या गाड्यांचे मेकॅनिक. तिसऱ्या वर्षीच ती मोठ्या बहिणीच्या छोट्या मोटारसायकलवर बसली. २०१३ मध्ये सोळाव्या वर्षी ती मोटो-३ च्या विश्व अजिंक्यपद मालिकेत उतरली. त्याच वर्षी मलेशियात पंधरावी येऊन तिने गुण मिळवला. या गटात गुण मिळवणारी ती पहिली स्त्री. वर्षअखेर व्हॅलेन्सियात ती आठवी आली. पुढे शर्यतींसोबतच तिने कायद्याचे शिक्षणही घेतले.

पण या खेळात हात आणि डोके पुरत नाही. गाडी, टायर, प्रवास, मेकॅनिक या सर्वांना पैसा लागतो आणि तो आणणे ही पुष्कळदा चालकाचीच जबाबदारी असते. २०१४ मध्ये प्रायोजकाचा पैसा आला नाही म्हणून तिला हंगामाच्या अखेरच्या शर्यती सोडाव्या लागल्या. ‘गुणवत्ता असेल तर कोणी अडवत नाही’ असे सांगणाऱ्यांनी हे वर्ष जरूर वाचावे. जी गाडीच मिळाली नाही, तिच्यावर गुणवत्ता दाखवायची कशी?

२०१७ साली ती सुपरस्पोर्ट ३०० मध्ये आली आणि पोर्तुगालमधील पोर्तिमाओ येथे जिंकली. एकट्याने चालवायच्या मोटारसायकलच्या विश्व मालिकेतील स्त्रीचा हा पहिला शर्यत-विजय. पुढच्या वर्षी कावासाकी निन्जा ४०० वर तिने इमोला आणि डोनिंग्टन जिंकले. अखेरच्या मॅनी-कूर शर्यतीत ती तेरावी आली. तेराव्या क्रमांकाचे गुण फक्त तीन. पण ते तीन गुण नसते तर विश्वविजेतेपदही नसते! विजय नेहमी पहिल्या क्रमांकावरच मिळतो असे नाही. कधी तो गर्दीत टिकून राहण्यानेही मिळतो.

सप्टेंबर २०२० मध्ये एस्तोरिल येथे सराव करताना तिला भीषण अपघात झाला. पाठीचे मणके मोडले, टायटॅनियमच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. जून २०२१ मध्ये मिसानो येथे ती पुन्हा जिंकली. नऊ महिन्यांत!

२०२४ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र विश्व अजिंक्यपद मालिका सुरू झाली. सर्वजणींना एकसारखी यामाहा आर-७ गाडी. पहिली विजेती कारास्कोच. लगेच प्रश्न आला: पुरुषांना हरवलेल्या बाईला स्वतंत्र गट कशाला? हा प्रश्न तिच्यापुरता विचारला तर पटतो. पण एक कारास्को जिंकली म्हणून बाकीच्या मुलींना गाडी मिळाली काय? विश्व पातळीवर वीसहून अधिक स्त्रिया एकाच रांगेत उभ्या राहिल्या, त्या या मालिकेमुळेच. २०२५ मध्ये विजेतेपद मारिया हेरेराकडे गेले आणि कारास्को स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या सुपरस्पोर्ट गटात उतरली. स्वतंत्र जागा हा तुरुंग नसतो, तो दरवाजा असतो. त्यातून आत यायचे आणि पुढचे दालनही आपलेच म्हणायचे.

एका अपवादाचे कौतुक करणे व्यवस्थेला नेहमीच परवडते. ‘पाहा, ती पोचली की!’ असे म्हटले की बाकीच्यांचा हिशेब द्यावा लागत नाही. म्हणून कारास्कोचे अभिनंदन करताना तिच्या मागे किती जणी सुरुवातीच्या रेषेवर उभ्या आहेत, हे मोजले पाहिजे. ती संख्या वाढेल तेव्हाच तो एक गुण सर्वांचा होईल.