पाच प्रश्नचिन्हांचा पाटील

एका वर्षी आमच्या मंडळाच्या गुणगौरव समारंभाच्या यादीत सगळ्या मुलांचा मोबाइल नंबर एकच निघाला: २१४७४८३६४७. मुलं वेगळी, गल्ल्या वेगळ्या, टक्के वेगळे, नंबर मात्र एक. फॉर्म मीच केला होता. भरणाऱ्या प्रत्येकाला ‘आपली नोंद झाली आहे’ असं हिरव्या अक्षरांत दिसलं होतं. नोंद झालीही होती, फक्त खोटी.

मंडळ सुरतच्या लिंबायत भागातलं. इथली मराठी माणसं बहुतेक खान्देशातली. ताप्ती लाइनच्या गाडीनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावकडून आलेली आणि यंत्रमाग, डाइंग मिल, रिंग रोडचं कापड मार्केट यांत मुरलेली. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. पोरं कुणाची महापालिकेच्या मराठी शाळेत, कुणाची इंग्रजी माध्यमात. दिवसा मी मार्केटमधल्या एका पेढीचं कॉम्प्युटरचं काम बघतो. संध्याकाळी मंडळांचे, वधू-वर मेळाव्यांचे, स्मरणिकांचे फॉर्म करून देतो. या कामात जिथे जिथे ठेच लागली, त्या जागांचा हा आढावा.

आधी त्या नंबरचं. डेटाबेसच्या टेबलात मोबाइलच्या रकान्याला मी ‘पूर्णांक’ हा प्रकार दिला होता. साध्या पूर्णांकाच्या रकान्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि सहा, सात, आठ किंवा नऊनं सुरू होणारे. म्हणजे देशातला एकही नंबर त्या रकान्यात मावणार नाही. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्या अशा वेळी तक्रार करत नसत. मावेल तेवढी मोठी संख्या ठेवून मोकळ्या होत आणि एक इशारा नोंदवत. तो इशारा वाचायला कोण जातं? २०१५ मध्ये आलेल्या ५.७ आवृत्तीपासून काटेकोर पद्धत मुळातच चालू असते आणि अशी नोंद सरळ नाकारली जाते. पण स्वस्तातल्या होस्टिंगवर जुनी आवृत्ती अजून भेटते. मोबाइल नंबर, पिनकोड, बँक खाते यांची कधी बेरीज करायची नसते. ती अक्षरं समजूनच ठेवायची. हे शहाणपण मला समारंभाच्या आदल्या दिवशी, घरोघर माणूस पाठवावा लागला तेव्हा आलं.

आमच्या पेढीचे जुने मेहताजी रोजमेळात नोंद लिहिली की समोरच्याला ती मोठ्यानं वाचून दाखवत. माल, आकडा, तारीख. समोरच्यानं मान हलवली की मगच पान उलटायचं. दिवाळीत चोपडापूजन होऊन कोऱ्या चोपड्यावर ‘शुभ लाभ’ लिहिलं जातं, त्याच चोपड्याची ही शिस्त. वेबचा फॉर्म हा चोपडाच, पण मेहताजीविना. भरणारा भरतो, मधला प्रोग्राम उचलतो, डेटाबेस ठेवून घेतो, आणि या तिघांत वाचून दाखवणारा कुणी नसतो.

हा जोडधंदा तसा तरुण आहे. एडगर कॉड यांनी टेबलांच्या रूपात माहिती ठेवण्याची कल्पना १९७० मध्ये मांडली. वेबवरचे फॉर्म ज्यात आले ते एचटीएमएल २.० हे मानक, पीएचपी ही प्रोग्रामची भाषा आणि मायएसक्यूएल या तिघांचं साल मात्र एकच, १९९५. पीएचपीच्या सुरुवातीच्या एका आवृत्तीचं नावच पीएचपी/एफआय, आणि त्यातलं एफआय म्हणजे फॉर्म इंटरप्रिटर, फॉर्म वाचणारा. म्हणजे ही भाषा वाढलीच या कामावर.

नवशिक्याला सर्वांत भीती वाटते ती ‘कनेक्शन’ची. पडदाभर इंग्रजी येतं, घाम फुटतो. खरं तर या चुका सर्वांत सोप्या, कारण त्या ओरडतात. घरच्या कॉम्प्युटरवर डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ असतो, होस्टिंगवर तो बऱ्याचदा वेगळा असतो. तो बदलायचं राहिलेलं असतं. पासवर्ड चुकलेला असतो, किंवा ३३०६ हा पोर्ट बाहेरून बंद असतो. निकालाच्या दिवशी दोनशे जण एकदम आले की ‘टू मेनी कनेक्शन्स’ येतं, कारण मायएसक्यूएलची ठरलेली मर्यादा १५१ आहे आणि आपण प्रत्येक वेळी उघडलेलं दार बंद करत नाही. अशी चूक झाली की काम तिथेच थांबतं, आणि दुरुस्त होईपर्यंत निदान वाईट नोंद तरी होत नाही. त्यामुळे यांवर जास्त शाई घालवत नाही.

गप्प बसणाऱ्या चुका वाईट. त्यातली अगदी बाळबोध म्हणजे रकान्याला ‘नेम’ न देणं. पानावर चौकोन दिसतो, माणूस त्यात लिहितो, पण कोडमध्ये त्या चौकोनाला फक्त ‘आयडी’ असेल आणि ‘नेम’ नसेल तर ब्राउझर तो पाठवतच नाही. तीच गत टिक करायच्या चौकोनाची. टिक नसेल तर ‘नाही’ असा निरोप जात नाही. काहीच जात नाही. ‘वसतिगृह हवे का’ या प्रश्नाला ‘नको’ म्हणणारा आणि तो प्रश्न न पाहिलेला, दोघं टेबलात सारखेच दिसतात.

आता मथळ्यातला पाटील. स्मरणिकेसाठी नावं मराठीत मागवली होती. टेबल उघडलं तर पाटीलच्या जागी पाच प्रश्नचिन्हं. चौधरीच्या जागी पाच. महाजन, तेही पाच. कॉम्प्युटरच्या लेखी पाटील म्हणजे प, काना, ट, दीर्घ वेलांटी, ल अशी पाच चिन्हं. चौधरी आणि महाजनही तेवढ्याच चिन्हांचे. टेबल ‘लॅटिन-१’ या युरोपीय अक्षरांच्या पद्धतीचं होतं, त्याला देवनागरी ठाऊक नव्हती, आणि न कळलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी त्यानं एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं. सोनवणे आणि बडगुजर तेवढे सहा प्रश्नचिन्हांचे निघाले.

यातून मूळ नाव परत येत नाही. याचाच दुसरा प्रकार बरा असतो: पाटीलऐवजी वेड्यावाकड्या रोमन अक्षरांची पंधरा चिन्हं दिसतात. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, पाच त्रिक पंधरा. इथे माल शाबूत असतो, फक्त वाचणारा चुकीचा चष्मा लावून बसलेला असतो. चष्मा बदलला की पाटील परत. उपाय एकच. पान, प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातली जोडणी, आणि टेबल या तिन्ही जागी एकच पद्धत सांगायची. यातली मधली जागा हमखास विसरली जाते.

त्यातही एक मेख आहे. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ नावानं जे मिळायचं ते तीन बाइटांपुरतंच होतं. मराठीचं त्यात भागतं, पण मोबाइलवरच्या हात जोडलेल्या चित्राला चार बाइट लागतात. आमच्याकडे शुभेच्छा-संदेशाची सुरुवातच हात जोडून होते. जुन्या आवृत्तीत त्या चित्राशी मजकूर तुटायचा आणि पुढचं सगळं जायचं. ज्यांनी नम्रपणे आधी नमस्कार घातला त्यांचे संदेश कोरे, ज्यांनी थेट मुद्द्याला हात घातला त्यांचे पूर्ण! ‘यूटीएफ८एमबी४’ ही चार बाइटांची पद्धत २०१० मध्ये आली आणि २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून तीच मूळ मानली जाते. नवं टेबल करताना दुसरं काही निवडू नये.

लिपी नीट साठवली तरी शोधताना मराठी आपले रंग दाखवते. मंडळाच्या यादीत वकील शोधायला ‘ॲड.’ टाकलं तर निम्मेच सापडले. हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: ‘अ’ लिहून त्यावर चंद्र, किंवा अख्खा ‘ॲ’. हा अख्खा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. कोणत्या मोबाइलचा कीबोर्ड काय देईल ते सांगता येत नाही. डोळ्याला दोन्ही सारखे, काटेकोर तुलना करणाऱ्या डेटाबेसला वेगळे. कऱ्हाडे या आडनावातला अर्धा ‘ऱ’ही असाच दोन वाटांनी येतो, त्यातली एक वाट न दिसणाऱ्या जोडचिन्हाची. म्हणून साठवण्याआधीच प्रोग्राममध्ये सगळ्यांना एका रूपात आणायचं. मराठी आकड्यांचंही तेच: वय ‘१७’ असं मराठीत आलं तर ते आधी बदलून घ्यायचं, नाहीतर शून्य नोंदलं जाण्याची शक्यता असते.

तारखेची गोष्ट मला सर्वांत जिव्हाळ्याची. आमच्या आधीच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. खरा जन्म कधीचा का असेना, शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली. वडीलधाऱ्यांच्या सत्काराचा फॉर्म केला, जन्मतारखेचा रकाना मोकळा ठेवला. लोकांनी ०१/०६/१९५२ असं लिहिलं, आणि सगळे ६ जानेवारीला जन्मले. तिरप्या रेघा दिसल्या की पीएचपी तारीख अमेरिकी समजते, आधी महिना मग दिवस. त्याच जागी आडव्या रेघा असत्या तर दिवस आधी धरला असता. १२ तारखेनंतर जन्मलेले लोक तेराव्या महिन्यात जाईनात म्हणून अडकले आणि माझ्या कोडमुळे १ जानेवारी १९७० ला पोचले. ती चूक लगेच दिसली. ६ जानेवारीवाली दिसली नाही, कारण ती खरीखुरी तारीख आहे. ६ जानेवारीला सकाळी सत्काराच्या यादीतल्या तात्यांना शुभेच्छांचा एसएमएस गेला, ते म्हणाले, “आजपर्यंत एक खोटा वाढदिवस होता, आता दोन झाले.” तेव्हापासून दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने.

नावाचंही तसंच. गुजरातेत आडनाव आधी: पाटील संजय भिला. महाराष्ट्रात संजय भिला पाटील. फॉर्मवर ‘पहिलं नाव’ असं लिहिलं की सुरतचा माणूस तिथे पाटील लिहितो, आणि त्याचं चुकत नाही. त्यातून इथे कागदोपत्री ‘भाई’ आणि ‘बेन’ चिकटतात; शाळेच्या दाखल्यावर संजय, आधारवर संजयभाई. म्हणून ‘दाखल्यावर आहे तसं पूर्ण नाव’ असा एकच रकाना आणि शेजारी फक्त आडनावाचा एक. नावावरून माणूस ओळखायचा तर आमच्याकडे सोयच नाही, संजय पाटील गल्लीगल्लीत आहेत. मोबाइल नंबर एकमेव धरला, तर एका घरातल्या दोन बहिणींपैकी दुसरीची नोंद नाकारली गेली, कारण फोन वडिलांचा एकच.

दुसऱ्या टोकाला एकाच मुलाच्या तीन नोंदी. नेट मंद, माणूस ‘सबमिट’ दाबून वाट बघतो, पुन्हा दाबतो. किंवा नोंद झालेलं पान ताजं करतो आणि ब्राउझर तीच माहिती परत पाठवतो. इथे दोन बंधारे हवेत: नोंद झाल्यावर ब्राउझरला दुसऱ्या पानावर नेऊन सोडायचं, आणि प्रत्येक उघडलेल्या फॉर्मला एक वेगळी खूण देऊन ती खूण टेबलात एकदाच स्वीकारायची. नुसतं बटण निकामी करून भागत नाही.

स्मरणिकेच्या जाहिरातींच्या फॉर्मनं वेगळाच धडा दिला. मार्केटमधली दुकानं इंग्रजीत नाव लिहिणार, ‘मेन्स वेअर’, आणि त्यात एस-आधी एक लटकतं चिन्ह. डेटाबेसच्या भाषेत ते चिन्ह म्हणजे ‘मजकूर संपला’. फॉर्ममधला मजकूर जसाच्या तसा क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला पाठवायच्या हुकमात, चिकटवला असेल तर दुकानाचं नाव मधेच तुटतं आणि उरलेल्या अक्षरांना डेटाबेस हुकूम समजतो. वसईच्या डिसोझांनी आडनावात तेच चिन्ह घातलं तरी तेच. इथे निष्पाप दुकानदार अडतो, पण जाणता चोर याच फटीतून आत शिरून अख्खी यादी नेऊ शकतो. १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात हे तंत्र मांडलं गेलं, त्याला आज ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. उपाय तेव्हापासून माहीत आहे: क्वेरीचा साचा आधी पाठवायचा, मजकूर नंतर वेगळा. २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मधून जुनी जोडणीची फंक्शनं काढूनच टाकली. तरी अजून कुणाकुणाचं जुनं कोड हातात येतं आणि त्यात तीच चिकटवाचिकटवी असते. याला माफी नाही.

काही रकाने स्वतःच स्वतःची तपासणी घेऊन येतात, त्याचा फायदा घ्यावा. जीएसटी नंबर पंधरा चिन्हांचा: पहिले दोन आकडे राज्याचे, गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७, मग दहा चिन्हांचा पॅन, आणि शेवटचं चिन्ह आधीच्या चौदांवरून काढलेलं. एक अक्षर चुकलं तर हिशेब जुळत नाही. बँकेच्या आयएफएससी कोडात पाचवं चिन्ह शून्य असतं, तिथे लोक हटकून ‘ओ’ टाकतात. मात्र ही तपासणी सर्व्हरवरही हवी. ब्राउझरमधली भरणाऱ्याच्या सोयीपुरती. ती कुणीही बंद करू शकतो.

एवढं सांभाळून शेवटी खजिनदार म्हणतात, “एक्सेलमध्ये दे.” आणि एक्सेल पंधराच आकडे नीट धरतो, सोळा आकडी बँक खात्याचा शेवटचा आकडा शून्य होतो, सुरुवातीची शून्यं गळतात. माझ्या एका यादीत शिष्यवृत्तीची रक्कम अशाच खात्यांकडे निघाली होती. बँकेनं परत पाठवली म्हणून निभावलं. आधार तर आता मी मागतच नाही. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा आला म्हणून नव्हे. वही-पेनं वाटायला आधार कशाला लागतं?

यंदाच्या फॉर्मवर हिरवी ओळ नाही. नोंद झाली की प्रोग्राम टेबलात परत जातो, तिथे जे ठेवलं गेलं तेच वाचून आणतो आणि मराठीत दाखवतो: नाव, आडनाव, जन्मतारीख महिन्याच्या नावासकट, मोबाइल. खाली दोन बटणं आहेत, ‘बरोबर’ आणि ‘चूक’. पहिल्याच दिवशी तात्यांनी ‘चूक’ दाबलं. जन्मतारीख टेबलात बरोबर होती, १ जून.