खाण बंद पडते, पाणी थांबत नाही
पाणी तपासणाऱ्यांच्या नोकरीविषयी थोडेसे

— ऊस विकास अधिकारी



गट कार्यालयात आलात की ऊसनोंद, तोडणीचा कार्यक्रम, बेणे आणि खताची उचल याच गोष्टी बोलल्या जातात. पण अलीकडे बरेच सभासद जाता जाता आणखी एक प्रश्न विचारतात. "साहेब, पोरगं केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालंय. आता पुढं काय करावं?" कुणाची मुलगी भूगर्भशास्त्र शिकते, कुणाचा मुलगा कृषी पदविका करतो. बँक, पोलीस भरती आणि शाळामास्तरकी यांच्या पलीकडे आपली नजर सहसा जात नाही. म्हणून या अंकात जरा निराळ्या नोकरीची माहिती देत आहे. ही नोकरी पाणी तपासण्याची आहे आणि तीही बंद पडलेल्या खाणींच्या तोंडाशी. उदाहरण अमेरिकेतले आहे. पण तिथे ज्यांच्या पोटावर पाय आला ते पाटाच्या पाण्यावर पिके घेणारे शेतकरीच होते. त्यामुळे त्यांची अडचण आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

५ ऑगस्ट २०१५ रोजी काय झाले?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात सॅन वान नावाचे उंच डोंगर आहेत. तिथे सिल्व्हर्टन गावाजवळ गोल्ड किंग ही सोन्याची खाण. ती १९२० च्या दशकातच बंद पडली. मालक गेले, मजूर गेले, तोंड ढासळले. पण डोंगरात मुरणारे पाणी आत साचत राहिले आणि फटीफटींतून पाझरत राहिले.

५ ऑगस्ट २०१५ रोजी केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे पथक या ढासळलेल्या तोंडाशी माती उकरून पाहणी करीत होते. आत तुंबलेल्या पाण्याचा दाब होताच. बांध फुटावा तसे तोंड फुटले आणि सुमारे ३० लाख गॅलन, म्हणजे १ कोटी १३ लाख लिटर पाणी बाहेर पडले. आपल्या हिशेबात सांगायचे तर ३७ एकर उसाला तीन इंचाची एक पाळी देता येईल एवढे. ते सिमेंट क्रीक ओढ्यातून अ‍ॅनिमस नदीत, तिथून सॅन वान नदीत आणि शेवटी युटा राज्यातल्या पॉवेल जलाशयात गेले. नदी हळद कालवल्यासारखी पिवळी झाली. तिची छायाचित्रे जगभर छापून आली.

आता पुढची गोष्ट बघा. पुढे हिशेब मांडल्यावर दिसले की, त्या दिवशी जेवढे पाणी फुटले तेवढे त्या खाणीतून एरवीही चार ते सात दिवसांत गुपचूप वाहत होते! रंग एकदाच दिसला, पण घाण रोजचीच होती. ती ठाऊक होती फक्त पाणी मोजणाऱ्यांना.

पाणी आंबट कसे होते?

या डोंगरांच्या खडकात लोह आणि गंधक यांचे पिवळे चकाकणारे खनिज असते. त्याला पायराइट म्हणतात. खडक फोडून बोगदे काढले की त्याला हवा आणि पाणी दोन्ही लागते आणि गंधकाम्ल तयार होते. काही सूक्ष्म जिवाणू हे काम कित्येक पटींनी वेगाने करतात. असे आम्लपाणी खडकातले जस्त, तांबे, शिसे, कॅडमियम विरघळवून बाहेर आणते. पुढे ओढ्यात ते पातळ झाले, आम्लता उतरली की लोखंड पिवळ्या-तांबड्या साक्यासारखे तळाला बसते. त्या ओढ्यात मासा राहत नाही, किडाही राहत नाही.

एकदा सुरू झालेली ही क्रिया खाण बंद केली म्हणून थांबत नाही. कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन खाण १९६३ साली बंद झाली. तिथल्या बोगद्यातले पाणी अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या कर्क नॉर्डस्ट्रॉम आणि चार्ल्स आल्पर्स यांनी तपासले. सामू, म्हणजे पी.एच., शून्याच्याही खाली, उणे ३.६ पर्यंत निघाला. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि एक अंक घसरला की आम्लता दहापट वाढते, हे लक्षात घ्या म्हणजे त्या पाण्याची कल्पना येईल. तिथले पायराइट संपायला अंदाजे तीन हजार वर्षे लागतील, असे याच शास्त्रज्ञांचे गणित आहे.

यावरचा उपाय आपल्या कारखान्यात रोज चालतो. रसात चुना मिसळून आपण आम्लता मारतो, मळ खाली बसवतो आणि निवळलेला रस पुढे घेतो. खाणीच्या पाण्याचेही तसेच करतात. चुना घालून सामू वाढवला की विरघळलेले धातू गाळ होऊन बसतात. गोल्ड किंगजवळ ग्लॅडस्टोन येथे ऑक्टोबर २०१५ मध्ये असे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. फरक एवढाच की आपला हंगाम संपतो, तिथला संपत नाही.

बोगदा बुजवून टाकला तर? तोही प्रयोग त्याच डोंगरात झाला. १९९१ साली सनीसाइड ही शेजारची मोठी खाण बंद झाली आणि १९९६ पासून तिच्या पाण्याच्या बोगद्यात काँक्रीटचे बूच बसवले गेले. खालचा ओघ थांबला, पण डोंगराच्या पोटातली पातळी चढली आणि आजूबाजूच्या जुन्या बोगद्यांतून पाझर वाढला. एका चारीचे तोंड बंद केले की पाणी दुसरा बांध फोडते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पाट उघडायचा की नाही?

सॅन वान नदीच्या काठी नवाहो या आदिवासी समाजाची शेती आहे. मका, कलिंगड, खरबूज, घासगवत ही पिके पाटाच्या पाण्यावर येतात. मक्याचे पराग त्यांच्या धर्मविधीत लागतात, त्यामुळे मका त्यांना नुसता दाणा-वैरणीचा नाही. पिवळे पाणी येत आहे असे कळताच त्यांच्या शासनाने पाट बंद केले. ऑगस्टचा महिना, पिके ऐन भरात आणि पाणी नाही! टँकरने व टाक्यांनी जे पाणी पुरवले गेले, त्यातल्या काही टाक्यांत तेलाचा तवंग दिसला. झाले, उरलासुरला विश्वासही गेला.

काही दिवसांत नदी निवळली. पर्यावरण संस्थेने सांगितले की पाणी घटनेपूर्वी होते तसे झाले आहे. पण "पूर्वी होते तसे" म्हणजे कसे? पूर्वीचे कुणी मोजले होते? आणि ज्यांच्या पथकाच्या हातून पाणी फुटले, त्यांचाच आकडा खरा कसा मानायचा? काही गावांनी पाट उघडले. शिपरॉकच्या शेतकऱ्यांनी मात्र सभेत एकमताने ठराव करून एक वर्ष पाट बंद ठेवण्याचे ठरवले. हातची पिके त्यांनी वाळू दिली, पण न पटलेले पाणी जमिनीत घेतले नाही.

वरच्या अंगाला, सिल्व्हर्टनच्या बाजूला, पूर्वीची नोंद होती. तिथे १९९४ सालापासून अ‍ॅनिमस नदीच्या हितसंबंधितांचा एक गट काम करीत होता. गावकरी, खाणवाले, सरकारी खाती सगळे एका टेबलाशी बसत. बिल सायमन यांनी अनेक वर्षे त्याचे समन्वयक म्हणून काम पाहिले. कोणत्या बोगद्यातून किती जस्त येते, वितळत्या बर्फाच्या दिवसांत किती आणि कोरड्या दिवसांत किती, याची टिपणे त्यांच्याकडे होती. भूगर्भ सर्वेक्षण खात्यानेही या खोऱ्याचा सविस्तर अभ्यास केलेला होता. म्हणून फुटीनंतरच्या आकड्यांची तुलना करायला काहीतरी हाताशी होते. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही. घटनेआधीच्या पाण्याचा नमुना तर कितीही पैसे ओतले तरी नंतर घेता येत नाही.

शेवटी २०१६ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या ४८ जागा केंद्र सरकारच्या मोठ्या सफाई योजनेत घेतल्या गेल्या. नवाहो राष्ट्राला भरपाईपोटी केंद्र सरकारकडून ३ कोटी १० लाख डॉलर मिळायचे ठरले, ते २०२२ साली. तोवर सात वर्षे गेली होती.

प्रत्यक्ष काम काय असते?

या नोकरीत रोजचे काम असे. नदीवर आणि ओढ्यांवर ठरावीक जागा असतात, त्याच जागी पुन्हा पुन्हा जायचे. सामू, तापमान, विद्युतवाहकता जागेवरच मोजायची, कारण बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ती बदलते. धातूंसाठीच्या नमुन्यात थोडे नत्राम्ल टाकतात, म्हणजे धातू बाटलीच्या कडेला चिकटत नाहीत. एक नमुना गाळून आणि एक न गाळता घेतात. त्यावरून विरघळलेले किती आणि गाळाबरोबर वाहणारे किती ते कळते. बाटली कुणी भरली, कुणी नेली, कुणाच्या ताब्यात दिली याची सहीनिशी नोंद लागते. नाहीतर कोर्टात तो आकडा टिकत नाही.

त्याबरोबर ओघ मोजावाच लागतो. समजा, एका बोगद्याच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम जस्त आहे, पण पाणी सेकंदाला ५ लिटरच येते. दिवसाचे जस्त झाले ४.३ किलो. दुसऱ्यात लिटरला २ मिलिग्रॅमच आहे, पण पाणी सेकंदाला १०० लिटर. तिथे दिवसाला १७ किलोंवर जाते. मग आधी कोणता बोगदा हाती घ्यायचा? नुसता उतारा सांगून साखर किती झाली ते कळत नाही, टनेजही लागते. तसेच हे आहे.

काम कष्टाचे आहे. बर्फात चालावे लागते, ढासळत्या तोंडाशी जपून राहावे लागते. अशा धोक्याच्या जागी जाण्यापूर्वी ४० तासांचे सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे असते. शिवाय फळ लवकर दिसत नाही. ओढ्यात किडे परत आले, मासा वर सरकला, हे पाहायला दहा-वीस वर्षे जातात.

शेतकऱ्यांच्या बाजूने मोजणारी

या कामात एक नाव सांगण्यासारखे आहे, डॉ. कार्लेटा चीफ. त्या स्वतः नवाहो समाजातल्या. जलविज्ञानात पीएच.डी. करून त्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. गोल्ड किंगच्या घटनेनंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीकाठच्या तीन नवाहो गावांत नदीचे, पाटाचे, गाळाचे आणि शेतातल्या मातीचे नमुने घेतले. लोक त्या नदीचे पाणी कशाकशाला वापरतात हेही घरोघरी विचारले. मग निष्कर्ष घेऊन त्याच शेतकऱ्यांच्या सभांत गेल्या. आकडा तोच असेल, पण तो आपल्यातल्या माणसाने, आपल्या बांधावर उभे राहून घेतला असेल तर पटतो. शेतकऱ्याच्या मुलामुलींनी या कामात जावे ते यासाठी.

आपल्याकडे वाव कुठे?

रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकी यांतून या कामाकडे जाता येते. पदविकाधारकांना नमुने घेणे आणि प्रयोगशाळा सहायक ही कामे असतात. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, तिच्या जिल्ह्यांतल्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ येथे हे काम चालते. नागपूरला 'नीरी' ही राष्ट्रीय संस्था आहे. चंद्रपूर-वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत, त्यांच्या पाण्याकडे खाण चालू असताना आणि बंद झाल्यावरही लक्ष ठेवावे लागणारच. जागा थोड्या असतात, स्पर्धा असते, हे खरे. पण हाताने नमुना नीट घेता येणारा आणि वही चोख ठेवणारा माणूस सगळीकडे हवा असतो.

आता आपल्या विहिरीचे बघा

आपल्या शिवारात सोन्याची खाण नाही, पण चोपण आणि खारपड जमिनी आहेत. दहा वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याची क्षारता किती होती, असे विचारले तर बहुतेकांकडे उत्तर नसते. तेव्हा लागणीआधी एकदा आणि भर उन्हाळ्यात एकदा नमुना घ्या. मोटार पंधरा-वीस मिनिटे चालू द्या. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, चिठ्ठीवर नाव, गट नंबर, तारीख लिहा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोचवा. विद्युतवाहकता ०.७५ च्या आत असेल तर काळजी नाही, २.२५ च्या वर गेली तर निचरा आणि पाण्याचा पर्याय यांचा विचार केल्याशिवाय ऊस लावू नका.

अहवाल आला की तो ऊसनोंदीच्या पावत्यांबरोबर फायलीत लावा. घरात शिकलेलं पोर असेल तर ही वही त्याच्याच हाती द्या. उद्या वरच्या अंगाला कुणी काही सोडलं आणि "तुमचं पाणी पहिल्यापासून असंच होतं" असं म्हणालं, तर दाखवायला आपल्याजवळ तेवढीच एक गोष्ट असेल.