न आलेल्या माणसाची गाणी : जपानी नाताळगीतांविषयी

जपानमध्ये ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या साधारण एक टक्का आहे. २५ डिसेंबरला तिथे सुटी नसते. कचेऱ्या चालू असतात. तरीही नोव्हेंबर निम्मा सरला की दुकानांतून, स्थानकांतून, रेडिओवरून नाताळची गाणी सुरू होतात आणि महिनाभर थांबत नाहीत. ही गाणी कान देऊन ऐकली की लक्षात येते, त्यांत गव्हाण नाही, मेरी नाही, बेथलेहेमचा तारा नाही. सांताक्लॉज आला तर उपमेपुरता. बर्फ असतो, रोषणाई असते, आणि फार वेळा एक माणूस असतो, जो तिथे नाही. या गैरहजर माणसाचे स्वरूप गेल्या चाळीस वर्षांत कसे बदलत गेले, ते या लेखात पाहायचे आहे.

आधी हा सण प्रेमिकांच्या ताब्यात कसा गेला ते पाहू. फुजिया या मिठाईवाल्यांनी १९१० साली नाताळचा केक विकायला सुरुवात केली. युद्धानंतर सुबत्ता आली तशी मलई आणि स्ट्रॉबेरीचा तो पांढरा-लाल केक मध्यमवर्गीय घरात पोचला. १९७४ साली केंटकी फ्राइड चिकनने नाताळला तळलेली कोंबडी खाण्याची मोहीम काढली आणि तीही रुजली. तोवर नाताळ मुख्यतः मुलाबाळांचा होता. पण जपानी घराचा खरा सण नववर्षाचा. त्या वेळी माणसे गावी जातात, आईवडिलांजवळ बसतात, देवळात जातात. त्यामुळे २४ डिसेंबरच्या संध्याकाळवर घराचा फारसा हक्क नव्हता. हातात पैसा असलेल्या तरुण पिढीने ती उचलली.

हा बदल गाण्यात नेमका पकडला युमी मात्सुतोया यांनी. त्यांचे ‘कोइबितो गा सांता कुरोसु’, म्हणजे ‘प्रियकर म्हणजेच सांताक्लॉज’, हे गाणे १९८० सालच्या ‘सर्फ अँड स्नो’ या अल्बममधले. शेजारची थोरली ताई लहान मुलीला सांगते, की मोठी झालीस की तुलाही कळेल, सांता खरेच येतो. पुढे ताई त्याच्याबरोबर दूरच्या गावी निघून जाते आणि ऐकणारी मुलगी आता त्या वयाला आलेली असते. १९८७ साली हे गाणे स्कीइंगवरच्या एका गाजलेल्या चित्रपटात वाजले आणि भरभराटीच्या त्या वर्षांची खूणच बनले. इथे माणूस यायचा आहे, आणि तो येणार याची खात्री आहे.

ती खात्री तीनच वर्षांनी तात्सुरो यामाशिता यांनी काढून घेतली. ‘क्रिसमस ईव्ह’ हे त्यांचे गाणे १९८३चे. रात्र वाढेल तसा पाऊस बर्फ होईल, आणि जिची वाट पाहतो आहे ती बहुधा येणार नाही, एवढाच त्याचा आशय. गाण्याच्या मध्यावर यामाशितांनी पाखेलबेल या सतराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचा कॅनन घातला आहे. वाद्ये थांबतात आणि त्यांचाच आवाज थरावर थर चढवून समूहगानासारखा ऐकू येतो. कॅनन म्हणजे एका आवाजामागून दुसऱ्याने तीच चाल घेऊन निघायचे. इथे पुढचा गायकही तोच आणि मागचाही तोच. एकटा माणूस स्वतःशीच समूहगान गातो आहे, असे मला ते ऐकताना दरवेळी वाटते. चर्चची आठवण करून देणारी या गाण्यातली जागा एवढीच.

पहिल्या वर्षी गाण्याने फार मोठी मजल मारली नाही. ती मारली रेल्वेने. १९८७ साली जपानच्या सरकारी रेल्वेचे खासगीकरण होऊन तिचे तुकडे झाले. त्यांतल्या जेआर तोकाई या कंपनीने पुढच्या वर्षापासून नाताळच्या जाहिराती काढल्या आणि त्यांना हे गाणे लावले. १९८९च्या जाहिरातीत भेटवस्तू छातीशी धरून नागोया स्थानकातून धावणारी मुलगी होती. ती धापा टाकत खांबाआड लपते आणि गाडीतून उतरून येणाऱ्या त्याला पाहते. जाहिरातीत भेट होते, गाण्यात होत नाही. ही विसंगती कुणालाच खटकली नाही. त्याच डिसेंबरात, प्रकाशनानंतर सहा वर्षांनी, गाणे ओरिकॉनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. पुढे सलग तीस वर्षे पहिल्या शंभरात येत राहिल्याबद्दल २०१६ साली गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली.

जाहिरात किंवा मालिका आणि गाणे यांच्या अशा जोडीला जपानी संगीतव्यवसायात ‘टाय-अप’ म्हणतात, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. यामाशितांच्या पत्नी मारिया ताकेउची यांचे ‘सुतेकी ना हॉलिडे’ हे प्रसन्न गाणे वर्षानुवर्षे कोंबडीच्या जाहिरातीतून घराघरांत जाते. आपण हसायचे कारण नाही. मोती साबणाची जाहिरात लागल्याशिवाय दिवाळी आल्यासारखे न वाटणारी माणसे आपल्याकडेही आहेतच.

या गोडव्यामागे एक कडू शब्दप्रयोग होता. नाताळचा केक २५ तारखेनंतर कुणी घेत नाही, २६ला तो निम्म्या किमतीत काढावा लागतो. ऐंशीच्या दशकात पंचविशी उलटलेल्या अविवाहित मुलीला सर्रास ‘क्रिसमस केक’ म्हणत. १९८५ साली जपानी स्त्रीचे पहिल्या लग्नाचे सरासरी वय साडेपंचवीस होते, म्हणजे टोमणा आकड्याला चिकटूनच होता. १९९४ साली फुजी टीव्हीवर ‘एकोणतिसाव्या वर्षीचा नाताळ’ या अर्थाच्या नावाची मालिका आली. त्या नावातले आव्हान त्या काळच्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नसेल. तिचे शीर्षकगीत होते मराया कॅरी यांचे ‘ऑल आय वॉन्ट फॉर क्रिसमस इज यू’, आणि जपानमध्ये ते दहा लाखांच्या वर खपले. इतरत्र जे निव्वळ आनंदाचे गाणे, ते तिथे पहिल्यांदा घरोघर पोचले एकोणतिशीच्या स्त्रीची गोष्ट सांगत.

थोडे शब्दाविषयीही. जपानी भाषेत जोडाक्षरांचे वावडे असल्याने क्रिसमसचे ‘कु-रि-सु-मा-सु’ होते आणि गाताना प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र सूर मिळतो. पाच तुकडे, म्हणजे हायकूची पहिली ओळ एका शब्दातच भरली. शिरीष पै यांच्यामुळे हायकूशी ओळख झालेल्या मराठी वाचकाला याचे महत्त्व सांगायला नको. हायकूत ऋतू सुचवणाऱ्या शब्दांची परंपरा आहे आणि त्या कोशांत ‘कुरिसुमासु’ हिवाळ्याचा शब्द म्हणून रीतसर नोंदलेला आहे. मासाओका शिकी यांनी १८९०च्या दशकातच नाताळवर हायकू लिहिले होते. धर्म बाजूला ठेवून सण ऋतूत विरघळवण्याचे काम गाण्यांच्या कितीतरी आधी कवितेने सुरू केले होते, असे म्हणता येईल.

आता अलीकडचे. या शतकातल्या जपानी नाताळगीतांपैकी जे खरोखर टिकले, ते ‘बॅक नंबर’ या गुन्मा प्रांतातून आलेल्या तिघांच्या बँडचे ‘क्रिसमस साँग’. ते नोव्हेंबर २०१५मध्ये आले, फुजी टीव्हीच्या सोमवारी रात्री नऊच्या मालिकेसाठी. ही वेळ ‘गेत्सुकु’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि प्रेमकथांची ती हक्काची जागा होती. मालिकेचा नायक चक्क बौद्ध भिक्षू आहे आणि तो इंग्रजी शिकवणाऱ्या तरुणीच्या प्रेमात पडतो. भिक्षूच्या प्रेमकथेला नाताळचे गाणे, यात जपानी प्रेक्षकाला काही वावगे वाटले नाही.

गाणे लिहिणारे आणि गाणारे शिमिझु इयोरी यांचा नायक यामाशितांच्या नायकाहून वेगळा आहे. तिथे ठरलेली भेट होती, ती चुकली. इथे भेट ठरलेलीच नाही. रोषणाईच्या रस्त्यातून जोडपी जात आहेत आणि हा त्यांच्यावर कुरकुरतो, त्या सांता की कोण त्याच्याकडे मागून काय उपयोग म्हणतो, स्वतःच्या भित्रेपणावर वैतागतो. तिला भेटावेसे वाटते, आवडतेस म्हणून सांगायचे आहे, आणि ते ओठांशी येऊन अडते. जपानीत प्रेम बोलून दाखवण्याला ‘कोकुहाकु’ म्हणतात. जवळजवळ विधीच तो. त्याशिवाय नाते सुरू झाले असे धरत नाहीत. नाताळ ही त्या विधीची मुदत झाली आहे आणि हे गाणे मुदत चुकवणाऱ्याचे आहे. बंप ऑफ चिकन या बँडने २००९ साली ‘मेरी क्रिसमस’मध्ये शहरातल्या अशाच एकट्या माणसांकडे पाहिले होते, पण अधिक मायेने. मला स्वतःला ते गाणे जास्त जवळचे वाटते. लोकांनी मात्र कुरकुरणारा निवडला.

या निवडीला आकड्यांचा आधार आहे. २०२०च्या जनगणनेनुसार पन्नाशीपर्यंत कधीच लग्न न केलेल्या पुरुषांचे प्रमाण जपानमध्ये २८ टक्क्यांच्या वर होते, स्त्रियांचे सुमारे १८. १९८० साली, म्हणजे शेजारची ताई सांताची ग्वाही देत होती तेव्हा, पुरुषांत ते तीन टक्केही नव्हते. नाताळ एकट्याने काढणाऱ्यासाठी आता ‘कुरिबोत्ची’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो बहुधा स्वतःविषयीच, थोडे हसत वापरतात. केकचा टोमणा मात्र मावळला. लग्नाचे सरासरी वय साडेएकोणतिसाच्या आसपास गेल्यावर तो कुणाला लागू करणार?

यानंतरही दर हिवाळ्यात नवी गाणी येतात, पण पुढच्या डिसेंबरात परत येणारी थोडी. एका रात्री अर्धा देश एकच मालिका पाहतो, ही स्थिती सरली. स्ट्रीमिंगवर जुने गाणे नव्याच्या शेजारीच असते, आणि डिसेंबरात माणसे ओळखीचे शोधतात. त्यामुळे ‘क्रिसमस साँग’ आणि मराया कॅरी दरवर्षी यादीत वर चढतात. यामाशिता यांनी तर २०२२ साली मुलाखतीत सांगितले, की आपली गाणी आपण बहुधा मरेपर्यंत स्ट्रीमिंगला देणार नाही. हिवाळ्यात त्यांच्या गाण्याची तबकडी नव्या वेष्टनात निघते आणि लोक ती विकत घेतात.

दिनदर्शिकाही बदलली. सम्राट आकिहितो यांचा वाढदिवस २३ डिसेंबर. १९८९ ते २०१८ ही तीस वर्षे त्या दिवशी राष्ट्रीय सुटी असे आणि दूर राहणाऱ्या जोडप्यांना गाडी पकडायला ती उपयोगी पडे. ते पायउतार झाल्यावर ती सुटी गेली. आता डिसेंबरात एकही राष्ट्रीय सुटी नाही. त्यामुळे २४ची संध्याकाळ पुष्कळदा कचेरी सुटल्यावरच सुरू होते. २५च्या रात्री दुकाने बंद झाली की कामगार शिड्या लावून झाडे आणि दिवे उतरवतात, दारांशी नववर्षाचे बांबू आणि पाइनचे ‘कादोमात्सु’ उभे राहतात, आणि २६च्या सकाळी ध्वनिक्षेपकांवर नववर्षाचे कोतोवादन लागलेले असते. न विकलेले केक तेवढे एका कोपऱ्यात, निम्म्या किमतीची चिठ्ठी लावून.