बांबूचं धनुष्य आणि अस्वल

परवा फलटणला मैदानावर एका मुलाने माझं बांबूचं धनुष्य हातात घेऊन विचारलं, "काका, याने अस्वल मारतात का?"

मी त्याला सांगितलं, कॅनडाच्या काही प्रांतांत परवाना काढून वसंतात काळ्या अस्वलाची शिकार करता येते. आपल्याकडे अस्वल १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. हौसेची शिकार गुन्हाच.

आपली तिरंदाजांची कसोटी निशाणावर. इंडियन राउंड या आपल्या देशी स्पर्धाप्रकारात अंतर ३० आणि ५० मीटर, ऑलिंपिकमध्ये ७०.

बांबूच्या धनुष्याला नेम धरायची साइट नसते. दोरी दरवेळी चेहऱ्याला त्याच जागी टेकली, तरच बाण नेमका लागतो. सराव संपला की दोरी उतरवा, नाहीतर बांबूचा ताण कमी होतो.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे तिरंदाज प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिक खेळले. मुलांना तिरंदाजी जरूर शिकवा.